"हप्ता भाड्यातून निघतो": एका फ्लॅटचा तीन वर्षांचा हिशेब

माझ्या मावसभावानं तीन वर्षांपूर्वी भाड्यानं देण्यासाठी एक फ्लॅट घेतला. घेण्याआधी त्याचा फोन आला होता. "ताई, हप्ता भाड्यातूनच निघतो. घर जवळजवळ फुकटात पडतंय." तेव्हाच मी त्याच्याकडे कागद मागायला हवा होता. हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम, शिवाय माझे स्वतःचे दोन फ्लॅट भाड्यानं दिलेले. तरी "वा, अभिनंदन" म्हणून मी मोकळी झाले. घरच्या माणसाच्या उत्साहावर पाणी ओतायला जीभ रेटत नाही.

तीन वर्षांनी त्याची बायको एक फुगलेली फाइल काखेत मारून माझ्याकडे आली. सगळ्यात वर दोन पत्रं होती. एक बँकेचं होतं: व्याजदर ८ वरून ९ टक्के झाला आहे, हप्ता तोच राहील. दुसरं इमारतीच्या समितीचं होतं: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती काढली आहे, आपला वाटा अमुक. तिनं पाणीसुद्धा न पिता विचारलं, "ताई, विकायचा की ठेवायचा?"

दोघांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहिते आहे. नावं, गाव, चलन सगळं काढून टाकलंय. घराची खरेदी किंमत १,००० धरली आहे आणि बाकीचे आकडे त्याच मापात बसवले आहेत, त्यामुळे तुमच्या घराची किंमत काहीही असली तरी प्रमाण लावून पाहता येईल. आयकर कुठेच धरलेला नाही, कारण तो देशागणिक आणि माणसागणिक बदलतो.

घेताना कागदावर काय होतं

किंमत १,०००. बँकेचं कर्ज ७००, मुदत २० वर्षं, व्याज ८ टक्के आणि तेही फ्लोटिंग, म्हणजे बाजारातल्या दराप्रमाणे बदलणारं. पदरचे ३०० घातले. त्यावर नोंदणी, सरकारी शुल्क, वकील आणि ब्रोकर मिळून ६० गेले. रंग, ओटा आणि नळ बदलण्यात आणखी ४०. म्हणजे चावी हातात येऊन घर भाड्यानं देण्याजोगं होईपर्यंत खिशातून ४०० बाहेर पडले होते. फोनवर बोलताना तो "माझे ३०० लागले" असं म्हणायचा. वरचे १०० त्याच्या हिशेबात कधी आलेच नाहीत.

महिन्याचं भाडं ६, महिन्याचा हप्ता ५.८६. दरमहा ०.१४ वर उरतात. त्याचा सगळा आनंद या ०.१४ वर उभा होता.

फाइलमध्ये काय निघालं

तिनं प्रत्येक पावती जपली होती, अगदी कुलूप बदलल्याचीसुद्धा. आम्ही दोघींनी जमिनीवर बसून तीन गठ्ठे केले.

पहिल्या वर्षी रंगकाम आणि भाडेकरू शोधणं यात दोन महिने गेले, म्हणून भाडं दहाच महिन्यांचं आलं: ६०. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं ६, मालमत्ता कर ५, इमारतीचा मेंटेनन्स ७, विमा १, किरकोळ दुरुस्ती ४. खर्च २३, हातात राहिले ३७. वर्षाचे हप्ते मात्र ७०.३. खिशातून ३३.३.

दुसरं वर्ष भाग्याचं, एकही महिना रिकामा नाही. भाडं ७२, खर्च २२, हातात ५०. तरी खिशातून २०.३ गेलेच. तीन वर्षांतलं सर्वांत चांगलं वर्ष हेच.

तिसऱ्या वर्षी पुन्हा दोन महिने घर रिकामं, मग नवा भाडेकरू ६.२ भाड्यानं. भाडं ६२, खर्च २६.७, हातात ३५.३, खिशातून ३५.

तीन वर्षांची बेरीज ८८.६. कॅल्क्युलेटर तिच्या हातात होता. तिनं आकडा पुसून पुन्हा बेरीज केली. तोच आला. "दर महिन्याला पगारातून थोडे थोडे जात होते, कळलंच नाही," ती म्हणाली. असंच होतं. मोठा फटका माणसाला दिसतो, गळती दिसत नाही.

गळतीवरून आठवलं, दुसऱ्या वर्षाच्या दुरुस्तीचे ९ कशाचे, ते सांगायलाच हवं, कारण तेव्हा मी तिथे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या बाथरूमच्या छतावर पिवळट डाग पडला होता, कडेनं तपकिरी. बोट लावलं तर चुना ओला लागायचा. भावानं आधी एका प्लंबरला बोलावलं. त्यानं टाइल्सच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं भरल्या आणि पैसे घेऊन गेला. पंधरा दिवसांत डाग परत आला. दुसरा आला त्यानं सरळ "सगळी फरशी उखडावी लागेल" असं सांगितलं. तिसरा वयस्कर होता. तो आधी खालच्या घरात जाऊन डाग नेमका कुठे आहे ते पाहून आला. मग वर येऊन त्यानं नळांचे मुख्य कॉक बंद केले आणि दिवसभर थांबायला लावलं. डागाचा ओलावा तसाच राहिला, म्हणजे दाबाची पाइप फुटलेली नव्हती. मग मोरीच्या जाळीत कापड कोंबून फरशीवर बोटभर पाणी साठवलं, त्यात थोडा रंग टाकला आणि रात्रभर ठेवलं. सकाळी खाली रंग उतरला नव्हता. कापड काढून तेच पाणी मोरीत सोडलं, तर तासाभरात डागाच्या कडेला लालसर थेंब. मोरीचा ट्रॅप जिथे आडव्या पाइपला जोडलेला होता तो सांधा गेला होता. उखडायला चारच टाइल्स लागल्या. पहिल्या प्लंबरचे पैसे, खालच्या छताचा रंग आणि तिसऱ्याची मजुरी असे मिळून ९. फरशी सगळी उखडली असती तर २५ च्या पुढे गेले असते.

मोठ्या कंत्राटदारांकडे कामाचा माणूस बांधलेला असतो. एकाच फ्लॅटच्या मालकाला तो प्रत्येक वेळी नव्यानं शोधावा लागतो, आणि चुकीचे दोन माणूस पार केल्यावरच बरोबरचा सापडतो. लहान गुंतवणूकदाराच्या हिशेबात हा खर्च कुठल्याच रकान्यात नसतो.

भाडं वाढवायला गेले आणि

तिसऱ्या वर्षीचे ते दोन रिकामे महिने टाळता आले असते. पहिला भाडेकरू बावीस महिने राहिला, भाडं कधी चुकवलं नाही, नळ गळला तर स्वतः वॉशर बदलायचा. करार संपत आल्यावर भावानं भाडं ६ वरून ६.६ मागितलं. शेजारच्या इमारतीत तेवढं मिळतंय असं ब्रोकरनं सांगितलं होतं. भाडेकरू ६.१ द्यायला तयार होता. हा अडून बसला, तो निघून गेला.

पुढे काय झालं ते वर आलंच. दोन महिन्यांचं भाडं बुडालं १२, ब्रोकरचे ६.२, पुन्हा रंगाचे ३. एकूण २१.२. आणि शेवटी भाडं ठरलं ६.२, म्हणजे वर्षाला २.४ ची वाढ. २१.२ भागिले २.४. ही वाढ वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षं लागतील. ६.१ ला हो म्हटलं असतं तर हे २१.२ तसेच राहिले असते, वर वर्षाला १.२ मिळाले असते.

ब्रोकर खोटं बोलला असंही नाही. शेजारच्या इमारतीत ६.६ मागत होते हे खरं. पण मागणं वेगळं, मिळणं वेगळं. शिवाय भाडेकरू बदलला की ब्रोकरला कमिशन मिळतं, टिकला तर काही नाही. त्याचा सल्ला ऐकावा, पण एवढं लक्षात ठेवून ऐकावा.

मूळ चूक

भाडं आणि हप्ता शेजारी मांडून वजाबाकी करणं हीच मूळ चूक होती. दोन्ही दरमहाचे आकडे असतात, जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून तुलना सोपी वाटते. पण भाडं हा घराचा आकडा आहे आणि हप्ता कर्जाचा. त्यांची गाठ घालण्याआधी घर एकटं किती कमावतं ते काढावं लागतं.

मी तिला एका साधारण वर्षाचा कागद करून दिला, ना फार चांगल्या ना फार वाईट. भाडं ७२. वर्षातला एक महिना रिकामा धरून ६ वजा, आले ६६. ब्रोकर दर दोन वर्षांनी एकदा, म्हणून वर्षाला ३. कर ५, मेंटेनन्स ७, विमा १, किरकोळ दुरुस्ती ६. आणि मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवायचे ६: गच्ची, लिफ्ट, पाइप, वायरिंग. ही कामं दरवर्षी येत नाहीत, पण आल्याशिवाय राहत नाहीत. समितीच्या पत्रातला वाटा ३० होता. पाच वर्षं दरसाल ६ ठेवले असते तर तेवढाच झाला असता. एकूण खर्च २८, निव्वळ उत्पन्न ३८.

म्हणजे ७२ भाड्यातले ३४ वाटेतच गेले. भाड्याच्या धंद्यातली जुनी मंडळी ढोबळमानानं सांगतात की कर्जाचा हप्ता सोडून निम्मं भाडं घरच खातं. मला ते पूर्वी अतिशयोक्त वाटायचं. आता माझ्या दोन्ही फ्लॅटचे दहा वर्षांचे आकडे बघितले तर एकात निम्म्याहून थोडं कमी, दुसऱ्यात थोडं जास्त.

आता कर्ज. ७०० च्या कर्जाला वर्षाचे हप्ते ७०.३, म्हणजे हजाराला १००. आणि घर देतंय हजाराला ३८. हजाराला ३८ देणाऱ्या वस्तूवर हजाराला १०० मागणारं कर्ज चढवलं, तर मधली दरी पगारानंच भरायची. हप्त्यात मुद्दलही असते हे खरं, ती आपल्याच खिशात जाते. पण पहिल्या वर्षीच्या ७०.३ मध्ये मुद्दल होती १४.८. बाकीचे ५५.५ व्याज. घराच्या निव्वळ उत्पन्नातून नुसतं व्याजही भागत नव्हतं. तीन वर्षांत २१०.८ भरले, त्यातले १६२.६ व्याजात गेले आणि कर्ज ७०० वरून ६५१.८ वर आलं.

मग बँकेनं कर्ज दिलंच कसं, असा तिचा प्रश्न. बँकेनं कर्ज घराला दिलं नव्हतं, तुझ्या नवऱ्याच्या पगाराला दिलं होतं. भाड्याच्या सबंध इमारतींना कर्ज देणारे लोक निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या साधारण १.२ ते १.२५ पट आहे का ते बघतात. त्या मापानं या फ्लॅटला ३०० च्या आसपास कर्ज झेपलं असतं. त्यानं ७०० घेतलं.

बँकेचं पत्र

"हप्ता तोच राहील" हे वाक्य वाचून भाऊ निर्धास्त झाला होता. ती नव्हती. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात उरलेल्या हप्त्यांची संख्या होती, तिच्यावर तिनं पेन्सिलनं गोल केला होता.

हप्ता तोच ठेवून व्याज वाढलं की बँक मुदत लांबवते. ८ टक्क्यांनी २०४ हप्ते उरले असते. ९ टक्क्यांनी, त्याच ५.८६ च्या हप्त्यात, ते झाले २४१ आणि वर थोडा. घर घेतलं त्या दिवशी २४० हप्ते होते. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरून तो सुरुवातीच्या रेषेच्याही मागे जाऊन उभा राहिला होता.

मुदत तीच ठेवायची तर हप्ता ५.८६ वरून ६.२५ होतो. निवड करता येते, पण बहुतेक ठिकाणी ती मागून घ्यावी लागते. न मागितल्यास मुदत लांबते आणि कुणाला दुखत नाही. एक टक्का म्हणजे फार नाही असं वाटणाऱ्यांसाठी सांगते: २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर शून्याजवळ होता, २०२३ च्या जुलैत तो ५.२५ ते ५.५ टक्क्यांच्या पट्ट्यात गेला. त्या सुमारास बहुतेक मोठ्या देशांत दर वाढले. फ्लोटिंग कर्ज घेताना दोन टक्क्यांनी वाढलेल्या दराचा हप्ता काढून बघणं हे घाबरटपणाचं लक्षण नव्हे.

किंमत तर वाढली असेल?

भावाचा बचाव हाच होता. "भाडं हा बोनस आहे ताई, खरी कमाई किमतीत." त्याच्या फोनमध्ये त्याच इमारतीतल्या फ्लॅटच्या जाहिराती होत्या, ११५० च्या. मी म्हटलं, जाहिराती सोड, गेल्या वर्षभरात झालेल्या नोंदी काढ. दोनच व्यवहार झाले होते, १,०६० आणि १,०८०. मधला धरू, १,०७०. तीन वर्षांत सात टक्के.

१,०७० ला विकलं, त्यातून विक्रीचा खर्च तीन टक्के म्हणजे ३२ गेला, कर्ज ६५२ फेडलं, हातात येतात ३८६. घातले होते ४०० आणि वरचे ८८.६. किंमत सात टक्के वाढली आणि तरीही १०० हून अधिक गेले. हे गणित त्यानं माझ्यासमोर तीनदा तपासलं.

मग मी दुसरी बाजू काढली. किंमत किती वाढली असती म्हणजे बँकेतल्या ६ टक्क्यांच्या ठेवीची तरी बरोबरी झाली असती? पहिल्या वर्षीचं व्याज ५५.५, स्वतःच्या ४०० वरचं बुडालेलं ठेवीचं व्याज २४. त्यातून घराचे ३८ वजा. उरले ४१.५, म्हणजे दरवर्षी ४.१ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ, आणि त्यात विक्रीचा खर्च अजून धरलेला नाही. वर्षाला ४ टक्के वाढ होतच नाही असं नाही. अनेक शहरांत अनेक वर्षं झाली आहे. पण त्यानं घर घेतलं तेव्हा आपण एवढ्या वाढीवर पैज लावतोय हे त्याला माहीतच नव्हतं.

लांबच्या काळाचे दोन आकडे मला नेहमी जमिनीवर आणतात. आम्स्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्यावरच्या घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातल्या किमती एका अर्थतज्ज्ञानं गोळा केल्या. महागाई वजा केल्यावर सुमारे साडेतीनशे वर्षांत त्या जेमतेम दुप्पट झाल्या होत्या. दुसरा आकडा १६ प्रगत देशांच्या १८७० ते २०१५ च्या अभ्यासातला: घरांनी शेअर बाजाराच्या जवळपास परतावा दिला, पण त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा भाड्याचा होता. म्हणजे भाड्याला बोनस म्हणणाऱ्यानं अर्धा धंदाच सोडून दिला. आणि ही सरासरी हजारो घरांची. आपल्याकडे एकच घर असतं, एकाच गल्लीत, एकाच गच्चीखाली.

विचारायचे राहून गेलेले प्रश्न

कागदपत्रं, मालकी हक्क, थकबाकी हे वकिलानं नीट बघितलं होतं, त्यावर वेळ घालवत नाही.

कुणी बघितलं नव्हतं ते समितीचं वहीखातं. इमारतीच्या गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागितली असती तर गच्चीचा विषय त्यात दोनदा आलेला दिसला असता. दोन्ही वेळा "निधी अपुरा असल्याने पुढील सभेत" असं लिहिलं होतं. राखीव निधीत किती शिल्लक आहे, एवढा एकच आकडा विचारला असता तरी भागलं असतं. निधी रिकामा असलेल्या इमारतीत मेंटेनन्स कमी असतो आणि घेणाऱ्याला तो गुण वाटतो. प्रत्यक्षात ती उधारी असते, आपल्या नावावर चढणारी.

विकणाऱ्याला विचारायचं, गेल्या पाच वर्षांत किती भाडेकरू झाले आणि मधे किती महिने घर बंद होतं. तो खरं सांगेलच असं नाही. रखवालदार सांगतो. खालच्या मजल्यावरचे तर न विचारता सांगतात, फक्त त्यांच्या दारात जाऊन "तुमच्या छताला कधी ओल आली का" असं विचारायला हवं. त्या पिवळ्या डागाच्या जागी आधीचाही एक डाग होता, रंगाखाली झाकलेला. ते त्या गृहस्थांनीच मला नंतर दाखवलं.

भाड्याचा अंदाज मी ब्रोकरकडून कधीच घेत नाही. मी भाडेकरू असल्यासारखा त्या भागात तीन-चार ठिकाणी फोन करते आणि घासाघीस करून बघते. जिथे समोरचा थांबतो तो खरा आकडा.

आणि बँकेला लेखी विचारायचं: दर वाढला तर तुम्ही हप्ता वाढवता की मुदत, आणि मधे मोठी रक्कम भरली तर दंड आहे का. आमच्या प्रकरणात दंड नव्हता. हे कळलं आणि पुढचा मार्ग थोडा मोकळा झाला.

काय ठरलं

माझं मत विकायचं होतं आणि अजून आहे. गेलेल्या १०० चं दुःख बाजूला ठेवून फक्त पुढे बघायचं: घरात आज अडकलेले ३८६. पुढच्या वर्षी निव्वळ उत्पन्न ४० च्या घरात, ९ टक्क्यांनी व्याज ५८ च्या वर. १८ ची तूट. किंमत पूर्वीच्याच गतीनं, वर्षाला २.३ टक्के, वाढली तर २४ मिळतील. हिशेबाअंती ६ उरतात, ३८६ वर दीड टक्का. त्यासाठी भाडेकरू, प्लंबर आणि समिती सांभाळायची?

ती म्हणाली, "पण आत्ता विकलं तर १,०७० कोण देईल?" तिचा मुद्दा बरोबर निघाला. एका गिऱ्हाइकानं समितीची नोटीस बघून १,०१० सांगितले. काम ३० चं आणि त्यानं कापले ६०. त्याचंही चुकलं नाही. उघड्या भिंती आणि परांच्या बांधलेल्या इमारतीत वाढीव खर्चाची भीती घेणाऱ्यालाच. १,०१० ला विकलं असतं तर हातात ३२८ च आले असते. दुरुस्ती पूर्ण झालेली इमारत विकणं आणि दुरुस्ती डोक्यावर असलेली विकणं यांत एवढा फरक असेल तर थांबण्यात अर्थ होता. मी माझं मत गिळलं नाही, पण पुढे रेटलंही नाही.

त्यांच्याकडे ६ टक्क्यांच्या ठेवीत २०० होते. भावाला ते सगळे कर्जात भरून मोकळं व्हायचं होतं. ९ टक्क्यांचं कर्ज असताना ६ टक्क्यांची ठेव सांभाळणं तोट्याचंच, पण हातात काहीच न ठेवता एका फ्लॅटचा मालक होणं त्याहून वाईट. शेवटी १२० कर्जात भरले, ३० समितीला दिले आणि ५० वेगळ्या खात्यात ठेवले. त्यात सहा महिन्यांचे हप्ते आणि अर्ध्या वर्षाचा घराचा खर्च बसतो. बँकेला अर्ज देऊन मुदत २०४ हप्त्यांवर परत आणली. नवा हप्ता ५.१. साधारण वर्षात आता खिशातून २१ ते २२ जातील, म्हणजे महिन्याला १.८. तेवढं त्यांना झेपतं. पूर्वी न कळता जात होते, आता कळून जातील.

फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर तिनं दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आहेत. दोन वर्षांनी कर्ज सोडून निव्वळ उत्पन्न ४५ च्या खाली असेल, किंवा नोंदवलेले व्यवहार १,१२० च्या खाली असतील, तर विकायचा. जाहिरातीतले आकडे चालणार नाहीत, असं कंसात.

गेल्या महिन्यात परांच्या उतरल्या. सध्याच्या भाडेकरूनं करार वाढवला, भाडं ६.३, ब्रोकर नाही. भावानं आधी ६.५ मागायचं ठरवलं होतं. तिनं त्याच्यासमोर तिसऱ्या वर्षाचा गठ्ठा ठेवला, तो काही बोलला नाही.